विश्लेषण : ऑफिसच्या फोनचा ‘सीडीआर’ काय सांगतो? आणि कोणाला?

नकोशा व्यावसायिक कॉलना आळा घालण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजेच ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या नियमांत दुरुस्ती केली. त्यात दूरसंचार कंपन्यांना एक काम स्पष्टपणे नेमून दिले. कोण काय बोलतो हे ऐकायचे नाही. कोणत्या क्रमांकावरून किती कॉल जातात, ते किती सेकंद टिकतात आणि त्या क्रमांकावर उलट किती कॉल येतात, एवढेच पाहायचे. संशयित क्रमांक ओळखायला एवढी माहिती पुरते. हीच माहिती प्रत्येक ऑफिस, रुग्णालय, बँक आणि कॉल सेंटरच्या स्वतःच्या टेलिफोन यंत्रणेतही दररोज साठत असते. तिचा उपयोग काय, ती वाचताना चुका कुठे होतात आणि त्यात कर्मचाऱ्याच्या खासगीपणाचे काय होते, याविषयी.

सीडीआर म्हणजे नेमके काय?

सीडीआर म्हणजे ‘कॉल डिटेल रेकॉर्ड’. कॉल संपला की यंत्रणा त्याची एक ओळ लिहून ठेवते. फोन कोणी केला, कोणाला केला, कधी सुरू झाला, किती वेळ वाजला, किती वेळ बोलणे झाले, कोणत्या लाइनवरून गेला आणि शेवट कसा झाला (उचलला, उचलला नाही, व्यग्र होता की लागलाच नाही), हे त्या ओळीत असते. बोललेला एकही शब्द त्यात नसतो. कॉल रेकॉर्डिंग आणि सीडीआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात दोन्हींना सर्रास ‘रेकॉर्ड’ म्हटले जात असल्याने गोंधळ होतो.

सीडीआर म्हटले की आपल्याला पोलीस तपास आठवतो. तो सीडीआर दूरसंचार कंपनीकडचा असतो आणि त्यात मोबाइल टॉवरचीही नोंद असते. ऑफिसमधला सीडीआर त्याहून वेगळा. तो ऑफिसच्या स्वतःच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘ईपीएबीएक्स’ म्हणतात त्या यंत्रात तयार होतो. बाहेरच्या कंपनीला फक्त ऑफिसचा मुख्य क्रमांक दिसतो. आतल्या कोणत्या एक्स्टेंशनवरून कॉल झाला, कोणी तो कोणाकडे वळवला, हे ऑफिसच्या यंत्रालाच माहीत असते.

या नोंदी गोळा कशा होतात?

जुन्या ईपीएबीएक्सच्या मागे एक सीरियल पोर्ट असे. त्याला प्रिंटर जोडला की प्रत्येक कॉलनंतर कागदावर एक ओळ छापली जाई. हॉटेलांमध्ये खोलीच्या बिलात फोनचे पैसे याच ओळींवरून लावले जात. मोबाइल आल्यावर ते उत्पन्न आटले, पण यंत्रातील नोंदीची सोय राहिली. पुढे प्रिंटरच्या जागी संगणक आला. संगणक बंद पडला तर नोंदी हरवू नयेत म्हणून मध्ये नोंदी साठवणारी एक छोटी पेटी बसवण्याची पद्धतही आली.

आज बहुतेक यंत्रणा इंटरनेट प्रोटोकॉलवर चालतात. ‘ॲस्टरिस्क’सारख्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये नोंदी थेट फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये जातात. क्लाउड टेलिफोनी घेतलेल्या कंपनीला त्या वेबसाइटच्या डॅशबोर्डवर दिसतात. काही यंत्रणा सीडीआरसोबत कॉलच्या दर्जाचीही नोंद ठेवतात : आवाजाची किती पाकिटे वाटेत गळाली, किती उशिरा पोहोचली. ‘आवाज तुटतोय’ ही तक्रार ऑफिसच्या वाय-फायची आहे की बाहेरच्या लाइनची, हे त्यावरून शोधता येते.

कॉल सेंटरच्या बाबतीत हा ऐच्छिक मामला राहिलेला नाही. दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांना सीडीआर जपून ठेवावे लागतात आणि त्यातील वेळ दूरसंचार कंपनीच्या घड्याळाशी जुळलेली असावी लागते. ही घड्याळाची अट किरकोळ वाटेल. पण दोन नोंदींत सात मिनिटांचा फरक असेल, तर एकच कॉल दोन ठिकाणी दोन वेगळे कॉल म्हणून दिसतो. मग तक्रारीच्या किंवा तपासाच्या वेळी त्या नोंदीचा उपयोग होत नाही.

आकडे वाचताना चुका कुठे होतात?

समजा, एक ग्राहक सकाळी १०.४२ वाजता फोन करतो. रिसेप्शनने तो लेखा विभागाकडे वळवला. तिथे कोणी उचलला नाही, म्हणून तो परत रिसेप्शनकडे आला आणि शेवटी विक्री विभागात गेला. ग्राहकाच्या दृष्टीने हा एक कॉल. यंत्रणेच्या नोंदीत मात्र तीन-चार ओळी. या ओळी एका समान ओळख क्रमांकाने बांधलेल्या असतात. तो क्रमांक न पाहता केवळ ओळी मोजल्या तर महिनाअखेरीच्या अहवालात कॉलची संख्या फुगते आणि ‘न उचललेले’ कॉलही फुगतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. आपण बँकेला फोन करतो तेव्हा आधी ‘मराठीसाठी अमुक दाबा’ असे सांगणारा आवाज येतो. हा आवाज सुरू होतो त्याच क्षणी यंत्रणेच्या लेखी कॉल ‘उचलला’ गेलेला असतो. त्यानंतर ग्राहकाने नऊ मिनिटे संगीत ऐकून कंटाळून फोन ठेवला, तरी साध्या सीडीआरमध्ये नोंद होते : कॉल उचलला, कालावधी नऊ मिनिटे. अहवालात हा उत्तम संवाद दिसतो. प्रत्यक्षात ग्राहक एकाही माणसाशी बोललेला नसतो. म्हणूनच रांगेची नोंद, म्हणजे ग्राहक केव्हा रांगेत लागला, केव्हा माणूस मिळाला, केव्हा त्याने फोन ठेवला, ही सीडीआरशी जोडून पाहिल्याशिवाय ‘९५ टक्के कॉल उचलले’ या दाव्याला अर्थ नसतो.

मग उपयोग काय?

पहिला उपयोग अगदी साधा आहे : सुटलेले कॉल. कोणत्या तासाला, कोणत्या विभागात फोन वाजून थांबतो, हे तक्त्यात मांडले की जेवणाची सुट्टी, संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास, सोमवारची सकाळ अशा जागा लगेच दिसतात. दवाखाना किंवा छोटी विमा एजन्सी असेल तर त्या सुटलेल्या क्रमांकांची यादी म्हणजे परत फोन करायची यादी.

दुसरा उपयोग किती लाइन घ्यायच्या हे ठरवण्याचा. यामागचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि १९१७ मध्ये त्यांची प्रसिद्ध सूत्रे आली. टेलिफोनवरील भार मोजण्याच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

एक उदाहरण घेऊ. सर्वाधिक गर्दीच्या तासात ६० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ४ मिनिटे चालतो. म्हणजे एका तासात २४० मिनिटांचे बोलणे. २४० भागिले ६० म्हणजे ४ एर्लांग. सरासरीने एका वेळी ४ लाइन व्यग्र असतात, तर ४ लाइन पुरतील असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, ते झुंडीने येतात. एर्लांगच्या सूत्रानुसार ४ लाइनवर १०० पैकी सुमारे ३१ जणांना लाइन व्यग्र मिळेल. ८ लाइन घेतल्या तर हे प्रमाण ३ टक्क्यांवर येते आणि १० लाइनवर साधारण अर्ध्या टक्क्यावर. प्रत्यक्षात व्यग्र टोन ऐकलेले लोक पुन्हा पुन्हा फोन लावतात, त्यामुळे गर्दी आणखी वाढते. उलटही घडते. ३० वाहिन्यांची पीआरआय लाइन घेऊन बसलेल्या ऑफिसच्या सीडीआरमध्ये एका वेळी कधीच ९ पेक्षा जास्त कॉल दिसत नसतील, तर दर महिन्याला भाडे वाया जात आहे.

रात्री अडीचला ऑफिसमधून कोण बोलत होते?

तिसरा उपयोग सुरक्षेचा. ऑफिस बंद असताना परदेशात कॉल जात असल्याची नोंद दिसली तर ते कर्मचाऱ्याचे काम असेलच असे नाही. ईपीएबीएक्सच्या व्हॉइसमेलचा पिन कारखान्यातून आला तसाच ठेवलेला असतो, किंवा इंटरनेटवरून जोडलेल्या एक्स्टेंशनचा पासवर्ड एक्स्टेंशन क्रमांकच असतो. चोर तिथून आत शिरतात आणि तुमच्या यंत्रातून परदेशातील ज्या क्रमांकांवर जास्त दर लागतो अशा क्रमांकांवर सतत कॉल लावतात. प्रत्येक मिनिटामागे त्या क्रमांकाच्या मालकाला वाटा मिळतो. तो मालक त्यांचाच साथीदार असतो. बिल मात्र तुमच्या नावावर येते.

हा प्रकार किती मोठा होऊ शकतो, याची कल्पना एफबीआयच्या एका प्रकरणातून येते. २००८ ते २०१२ या काळात कंपन्यांच्या टेलिफोन यंत्रणा हॅक करणाऱ्या टोळीमुळे झालेले नुकसान ५ कोटी डॉलरहून अधिक असल्याचे एफबीआयने म्हटले होते. त्यातील मुख्य संशयितांचा समावेश संस्थेच्या सायबर ‘मोस्ट वाँटेड’ यादीत होता.

हे चोर शनिवारी रात्री येतात, कारण सोमवारपर्यंत कोणी नोंदी पाहणार नाही हे त्यांना ठाऊक असते. त्यामुळे महिन्याच्या शेवटी काढलेला अहवाल इथे कामाचा नाही. नोंद तयार होताच ती तपासणारा एक साधा नियम पुरेसा आहे : सुट्टीच्या वेळी आंतरराष्ट्रीय कॉल झाला, किंवा एकाच एक्स्टेंशनवरून एका वेळी दोनपेक्षा जास्त कॉल गेले, तर जबाबदार व्यक्तीच्या मोबाइलवर संदेश आणि आयएसडी बंद. ज्या ऑफिसला परदेशी कॉलची गरजच नाही, तिथे ही सुविधा पहिल्या दिवसापासून बंद ठेवलेली बरी.

‘ट्राय’ याच नोंदींकडे कसे पाहते?

२०२४ च्या पहिल्या सहामाहीत नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटिंगविरोधात ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ट्राय’ने अशा टेलिमार्केटरच्या सर्व जोडण्या तोडण्याचे आदेश दिले. त्यात एसआयपी आणि पीआरआय या ऑफिसच्या एक्स्चेंजला लागणाऱ्या जोडण्यांचा खास उल्लेख होता, कारण एका जोडणीवरून एकाच वेळी अनेक कॉल करता येतात. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत २.७५ लाखांहून अधिक जोडण्या खंडित झाल्या आणि ५० हून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या.

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने पट्टा आणखी आवळला. पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी आल्यावर कारवाईचा निकष लागू होई. आता १० दिवसांत ५ तक्रारी पुरेशा आहेत. पहिल्या उल्लंघनाला १५ दिवस बाहेर जाणारे कॉल बंद, पुन्हा उल्लंघन केल्यास सर्व जोडण्या एका वर्षासाठी खंडित. तक्रारी नसल्या तरी दूरसंचार कंपनीने कॉलचा नमुना तपासायचा आहे : असाधारण संख्येने जाणारे कॉल, अल्प कालावधी आणि येणाऱ्या कॉलचे नगण्य प्रमाण.

इथे प्रामाणिक व्यावसायिकाने सावध राहायला हवे. ‘तुमचे पार्सल आणले आहे’ असे सांगणारी कुरिअर एजन्सी, उद्याच्या वेळेची आठवण करून देणारे रुग्णालय, वसुलीची तारीख कळवणारी पतसंस्था या सगळ्यांचे कॉलही पुष्कळ, छोटे आणि एकतर्फी असतात. नमुना सारखाच, हेतू वेगळा. नमुन्यावरून संशय घेता येतो, दोष सिद्ध होत नाही. तरीही आपले ऑफिस बाहेरून कसे दिसते हे आपल्याच सीडीआरमध्ये आधी पाहून घेतलेले शहाणपणाचे. जाहिरातीसाठी १४० आणि सेवा किंवा व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० या क्रमांकमालिका ठरवून दिल्या आहेत. कामाचा कॉल कोणता हे ग्राहकाला ओळखता यावे, हा त्यामागचा उद्देश.

कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवता येते का?

तांत्रिकदृष्ट्या येते, आणि खरा वाद इथेच आहे. युनायटेड किंगडममधील वेल्समध्ये एका महाविद्यालयाने एका महिला कर्मचाऱ्याचे फोन, ईमेल आणि इंटरनेट वापर तपासला. फोनच्या बाबतीत बोलणे ऐकलेले नव्हते. टेलिफोन बिलावरून कोणत्या क्रमांकावर, कोणत्या तारखेला, किती वेळ कॉल झाला एवढेच पाहिले, असे सरकारचे म्हणणे होते. एप्रिल २००७ मध्ये ‘कॉपलंड विरुद्ध युनायटेड किंगडम’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तेही खासगी जीवनाच्या हक्काचे उल्लंघन ठरवले. तिला अशी देखरेख होऊ शकते, याची कोणतीही पूर्वसूचना नव्हती आणि त्यासाठी त्या काळी देशात कायदाही नव्हता, हे निर्णायक ठरले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फोन टॅपिंगविषयीच्या पीयूसीएल प्रकरणात घराइतकाच ऑफिसमधील फोनवरचा संवादही खासगीपणाच्या कक्षेत येतो, असे म्हटले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र मालकाला एक मोकळीक दिली आहे : नोकरीविषयक कारणांसाठी, तसेच गुपिते फुटणे किंवा नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरता येते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

‘आम्ही काही ऐकत नाही, फक्त क्रमांक पाहतो’ हा बचाव पुरेसा का नाही? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आठशेहून अधिक स्वयंसेवकांच्या फोन नोंदी अभ्यासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. केवळ क्रमांक आणि वेळा यांवरून आजारपणासारख्या अत्यंत खासगी गोष्टींचा अंदाज बांधता येतो, असे त्यात दिसले. ऑफिसच्या फोनवरून आठवड्यात तीनदा कर्करोग रुग्णालयाला, मग विमा कंपनीला आणि मग वकिलाला कॉल गेला असेल, तर एकही शब्द न ऐकता बरेच काही कळते. बढतीची यादी तयार होत असताना ही माहिती व्यवस्थापकाच्या स्क्रीनवर असावी का?

बाहेरच्यांच्या हाती नोंदी पडू शकतात का?

दूरसंचार कंपन्यांनी सीडीआर किमान दोन वर्षे जपावेत, असा बदल परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये झाला. पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. २०१३ मध्ये राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे सीडीआर बेकायदा मिळवल्याचे उघड झाल्यानंतर, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच सीडीआर मागवावेत, असे निर्देश केंद्रीय गृह मंत्रालयाने दिले. तरीही २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारे जाळे उघडकीस आणले आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. या नोंदींना बाजारभाव आहे, हे तेव्हा महाराष्ट्राने जवळून पाहिले.

ऑफिसच्या ईपीएबीएक्समधील नोंदींभोवती एवढाही पहारा नसतो. त्या बऱ्याचदा लेखा विभागातल्या एखाद्या जुन्या संगणकावर, सर्वांना माहीत असलेल्या पासवर्डमागे पडून असतात. देखभालीसाठी येणारा तंत्रज्ञ त्या पेनड्राइव्हवर घेऊन गेला तरी कोणाला पत्ता लागणार नाही. त्यात ग्राहकांचे क्रमांकही असतात, हे विसरून चालणार नाही.

मग काय करावे?

कोणत्या नोंदी, कशासाठी, किती काळ ठेवल्या जातात आणि कोण पाहू शकते, हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवावे. लाइन किती लागतात किंवा कॉल कोणत्या वेळी सुटतात यासाठी विभागाची एकत्रित आकडेवारी पुरते. व्यक्तिगणिक यादीची गरज नसते. अहवालात समोरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे झाकावेत. कोणी कधी नोंदी उघडल्या याचीही नोंद असावी. काम झाले आणि कायद्याने घातलेली मुदत संपली की नोंदी पुसाव्यात.

आणि कामगिरीचे माप लावताना जरा दम धरावा. एका कर्मचाऱ्याने दिवसात दोन-दोन मिनिटांचे ४० कॉल घेतले आणि दुसरीने पाच-पाच मिनिटांचे २२, तर पहिला कार्यक्षम ठरतो. पण पहिल्याशी बोललेले किती ग्राहक त्याच आठवड्यात पुन्हा फोन करतात, हेही त्याच सीडीआरमध्ये असते. तो रकाना जोडला की कधी कधी क्रम उलटा होतो : दुसरीने प्रश्न सोडवलेले असतात, पहिल्याने कॉल संपवलेले. सीडीआर दोन्ही गोष्टी सांगू शकतो. त्याला विचारायचे काय, हे शेवटी अहवाल मागणाऱ्यानेच ठरवायचे असते.